शेवंती, सासूबाई आणि साठचा बल्ब

आमच्या सासूबाई माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. वणीकडच्या त्यांच्या वयाच्या बायका जावयाशी समोरासमोर बोलत नाहीत, मधे लेक लागते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर जेवत असलो तरी त्या बायकोला म्हणायच्या, "त्यांना विचार, कालवण तिखट झालंय का." बायको माझ्याकडे वळायची. मी भरल्या तोंडाने आणि भरल्या गळ्याने म्हणायचो, "त्यांना सांग, असं कालवण या जन्मात खाल्लं नव्हतं, पुढच्या जन्माचं सांगता येत नाही." बायको तिकडे वळून म्हणायची, "ठीक झालंय म्हणतात."

माझी एवढी वाक्यं या दुभाष्याने वाया घालवली, पण मी हार मानली नाही. नाटकवाला माणूस होतो.

नाटकवाला म्हणजे काय, दिवसा सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहायचो आणि संध्याकाळी आमच्या कामगार वसाहतीतल्या हौशी मंडळींच्या नाटकांना प्रकाश द्यायचो. आमचे स्पॉट म्हणजे वनस्पती तुपाचे रिकामे डबे. डब्याच्या बुडाला भोक पाडायचं, आत होल्डर बसवायचा, साठचा बल्ब लावायचा, तोंडाला रंगीत जिलेटीन कागद बांधायचा. निळा कागद म्हणजे रात्र, लाल म्हणजे खलनायक. याला आम्ही डबा-लाईट म्हणायचो. आमच्या बैठ्या घरातल्या एका कोपऱ्यात हे डबे एकावर एक रचलेले असायचे आणि बायको त्यांच्याकडे बघून रोज एक सुस्कारा सोडायची.

त्या डब्यांच्या जोडीला एका दिवाळीनंतर आणखी एक डबा आला. तो सासूबाई वणीहून एसटीत मांडीवर घेऊन आल्या. त्यात माती होती आणि मातीत शेवंती होती.

ही शेवंती साधी नव्हती. गुंडीएवढी फुलं, बाहेरून हळदीची आणि आतून तांब्याच्या भांड्याच्या रंगाची. सासूबाईंनी ती लग्नात स्वतःच्या आईच्या अंगणातून आणली होती आणि वणीच्या घराच्या भिंतीला लावली होती. दर वर्षी गडावरच्या देवीला पहिली ओंजळ जायची. गावात तसली शेवंती दुसरी नव्हती, आणि नव्हती याला कारण सासूबाईच होत्या. तिकडच्या बायकांची ठाम समजूत अशी, की मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं लागतं. त्यामुळे मागायला कोणी यायचं नाही आणि चोरायला सगळ्या यायच्या. सासूबाई दुपारची झोपसुद्धा शेवंतीकडे तोंड करून घ्यायच्या. "दिलं तर रोप मरल," त्या लेकीला सांगायच्या, "आन् चोरलं तर मी मरल."

मग त्या वर्षी नवरात्रात सासूबाई गडावर बहिणीकडे राहायला गेल्या. घरी त्यांचे धाकटे दीर होते. माणूस अतिशय प्रेमळ. वहिनीला पावसाळ्यात चिखल तुडवावा लागतो, घसरून पडली तर काय, म्हणून त्यांनी तिला चकित करायचं ठरवलं. सासूबाई परत आल्या तेव्हा अख्ख्या अंगणात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गुळगुळीत सिमेंटचा कोबा होता आणि दीर त्यावर अनवाणी उभे राहून हसत होते.

शेवंतीचे गड्डे, ज्यातून दर वर्षी नवे फुटवे यायचे, ते सगळे त्या कोब्याखाली गेले. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक फांदी तेवढी राहिली होती, तिला चार मुळ्या होत्या. सासूबाईंनी ती डब्यात लावली आणि वाकू नये म्हणून काडीला दोऱ्याने बांधली. बाकी काही फांद्या खोचून पाहिल्या होत्या, पण कळ्या धरलेली फांदी मूळ धरत नाही. ती मातीत उभ्याउभ्या फुलते आणि वाळते. त्या सगळ्या तशाच गेल्या. उरली ही एक. आणि हीसुद्धा फुलायला लागली होती.

"फुललं की संपलं," बायको मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "खाली फुटायला गड्डाच नाही. आई दिवसभर त्या डब्याशी बसून आहे. एक घास खाल्ला नाहीये."

मी बाहेर डोकावलो. सासूबाई अंगणाच्या पायरीवर बसल्या होत्या. शेवंती अशी काही फुलली होती की कोणीही म्हणावं, काय भाग्य. आणि त्या तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

आता इथे माझा प्रवेश. आमच्या कारखान्याच्या फाटकापाशी शेवंतीचा एक लांब वाफा होता. कंपनीच्या बसची वाट बघत मी तिथे वर्षानुवर्षं उभा राहिलो होतो, आणि प्रकाशयोजनाकार असल्यामुळे कुठे उजेड पडतो आणि कुठे नाही हे बघायची मला खोडच होती. वाफ्याचं लांबचं टोक हिवाळ्यात पिवळंधमक व्हायचं. पण फाटकावरच्या मोठ्या दिव्याखालची झाडं? नुसती पानं! हिरवीगार, दांडगी, फुलाचं नाव नाही. एका वर्षी तो दिवा बिघडला, कोणी लवकर दुरुस्त केला नाही, आणि त्याखालची झाडंही फुलली. पुढच्या वर्षी दिवा लागला, पुन्हा पानंच. माळी मातीला दोष द्यायचा. मला मात्र वाटायचं, झाडाला उजेड म्हणजे दिवस. दिवस मोठा असला की त्याला वाटतं अजून पावसाळा आहे, वाढून घेऊ. रात्र मोठी झाली की वाटतं थंडी आली, आवरा, फुला.

मी अंगणात गेलो, एक हात कमरेवर ठेवला आणि बायकोला जाहीर केलं, "त्यांना सांग, या झाडाचा पावसाळा मी परत आणतो."

बायकोने डोळे मिटले. मग आईकडे वळून म्हणाली, "ते म्हणतात, दिवा लावून बघू."

खरी पंचाईत पुढे होती. झाडाला पुन्हा पानांकडे वळवायचं तर आधी फुलं आणि कळ्या काढायला हव्या होत्या, नाहीतर आहे ती ताकद फुलातच जाणार. मी हे सांगितलं. बायकोने ते भाषांतर न करता तसंच पोचवलं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"त्यांना सांग, भरल्या झाडाला कात्री लावायला मी काय वैरीण हाय?"

"त्यांना सांग, नाही लावली तर..."

"त्यांना सांग, मला कळतंय काय व्हईल ते."

दोन दिवस कात्री पायरीवर पडून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर सासूबाई स्वतःच एकेक फूल खुडत होत्या. कात्री नव्हती, नखाने. देठापाशी पान राखून, कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. फुलं ओंजळभर झाली. ती त्यांनी पदरात घेतली, देव्हाऱ्यातल्या देवीच्या तसबिरीपुढे ठेवली आणि नंतर चहाबरोबर एक चपाती खाल्ली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चूळ भरायची विसरलो.

त्या संध्याकाळपासून आमचे प्रयोग सुरू झाले. दिवस मावळला की शेवंतीच्या डब्यावर माझा डबा-लाईट. आधी मी मुद्दाम गुलाबी जिलेटीन लावलं, प्रसन्न वाटावं म्हणून, पण बायकोने ते काढून फेकलं. दिवा आम्ही झोपेपर्यंत जळायचा. फुलं खुडल्यावर राखलेली पानंही गळली, नुसती काटकी उरली, आणि काटकीला स्पॉट मारलेला बघून येणारे-जाणारे थांबायचे. कोणी विचारायचं, "काय हो, कशाची मूर्ती बसवली?"

पण ते दिवस लोडशेडिंगचे होते. वेळापत्रक पेपरात यायचं आणि वीज ते न वाचता जायची. पहिल्यांदा अंधार झाला तेव्हा मी मोठ्या हिमतीने स्कूटर अंगणात आणली, किक मारली आणि हेडलाईटचा झोत शेवंतीवर सोडला. इंजिन धडधडतंय, सायलेन्सर धूर ओकतोय, मी अ‍ॅक्सिलरेटर पिळतोय. थोड्या वेळाने शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, जायचंय तर जा की एकदाचे!"

आतून आवाज आला, "त्यांना सांग, अंधारानं नाय मेलं तर धुरानं मरल."

दुसऱ्या दिवशी आमचा नायक मदतीला धावला. हा आमच्या नाटकातला नायक. दिवसा कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचा आणि संध्याकाळी प्रेमात पडायचा. त्याच्या ओळखीच्या मांडववाल्याकडे जुनी गॅसबत्ती होती. ती आली, पंप मारला, फुसफुस करत असा लख्ख उजेड पडला की साऱ्या वसाहतीत तेवढं आमचंच अंगण दिसू लागलं. आणि अंधारात तालमीला दुसरीकडे कुठे उजेड होता? म्हणून तालीमही तिथेच आली.

त्या हिवाळ्यात आमच्या नायिकेच्या घरी पाहुणे असल्याने ती निम्म्या वेळा येत नसे. मग नायक शेवंतीच्या डब्यापुढे गुडघा टेकून आपली वाक्यं म्हणायचा. "तू एकदा फक्त होय म्हण!" तो काटकीला विनवायचा. सासूबाई दाराआड बसून ऐकायच्या. तो एका जागी नेमका अडकायचा. एका संध्याकाळी तो अडकला, टाळूला जीभ लावून वर बघत राहिला, आणि दाराआडून आवाज आला, "'सगळं जग उलटं झालं तरी', म्हणा पुढं. रोज तिथंच कसं काय बसता तुम्ही?"

त्या दिवसापासून आम्हाला प्रॉम्प्टर मिळाला. नायक काही जावई नव्हता, त्याच्याशी बोलायला रीत आड येत नव्हती.

नाताळच्या सुमाराला काटकीवर हिरवे ठिपके आले. देठाच्या बेचक्यात, खाली, मधे, तीन-चार ठिकाणी. घरात सण झाला. बायकोने शिरा केला. पण ठिपक्यांची पानं झाली आणि शिऱ्याची चव गेली, कारण ती पानं शेवंतीची नव्हती. शेवंतीचं पान कातरलेलं असतं, खाचाखाचांचं. ही पानं अरुंद, लांबट, कडा सरळ, एखादं पिळवटलेलं, एखादं एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं.

बायको गिरणीत दळण आणायला गेली होती. मी खुर्चीवर बसून वायर सोलत होतो. समोर सावली पडली.

"कुठंय माझं झाड?"

मी मागे वळून बघितलं. बायको आली असेल असं वाटलं. मागे कोणी नव्हतं. सासूबाई माझ्याशी बोलत होत्या. माझ्याशी!

"हे काय... हेच आहे की," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिलं वाक्य त्यांच्यापर्यंत सरळ पोचणार होतं आणि ते असलं निघालं.

"ही शेवंतीची पानं हायेत? तण हाय कसलं तरी. माझं झाड मेलं, आन् मी रडू नये म्हणून तुम्ही दुसरं आणून खोचलं. नाटकवाले तुम्ही. पुठ्ठ्याची झाडं उभी करायची सवयच हाय तुम्हाला."

पुठ्ठ्याच्या झाडाचा उल्लेख मला झोंबला. ते झाड मीच केलं होतं, आणि प्रयोगात ते नायकाच्या अंगावर पडलंही होतं. पण सासूबाईंचा आवाज कापत होता. एरवी मी अशा वेळी छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणालो असतो. त्या दिवशी जमलं नाही.

"आई, मी बदललं नाही. खोड बघा, तुम्ही बांधलेला दोरा आहे अजून. फुलातून परत फिरताना झाड गोंधळलं असेल. वास घेऊन बघा ना."

"एवढंसं पान चुरगळू? मूठभर झाड, त्यातलं पान तोडू?"

"मग थांबू या."

"थांबू या," त्या म्हणाल्या. जाताना वळून म्हणाल्या, "दिवा बंद करायचा नाय."

बायको दळण घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, आई माझ्याशी बोलल्या. तिने डबा खाली ठेवला आणि विचारलं, "मग आता मी काय करू?"

गंमत म्हणजे एकदा बोलल्यावर परत न बोलणं त्यांना जमेना. रोज संध्याकाळी आम्ही दोघं दोन बाजूंनी त्या डब्यावर वाकायचो. "जावईबापू, हे वरचं बघा. हे वाकडंच हाय." "आई, त्याच्या मागचं बघा, त्याला कोपरा आलाय." "कोपरा नाय तो, किडीनं खाल्लंय." मग एक पान एका खाचेचं आलं. त्याच्या वरचं दोन खाचांचं. मकरसंक्रांत झाल्यावर शेंड्याला जी पानं आली ती थेट कातरलेली, जाडसर, पाठीमागे करडी लव असलेली.  मग सासूबाईंनी सगळ्यांत खालचं एक वेडंवाकडं पान धरलं, त्याला हात जोडले, तोडलं आणि बोटांत चुरगळून नाकाशी नेलं.

शेवंतीच्या पानाला फुलापेक्षा जास्त वास असतो. कडवट, कापराजवळचा. पुठ्ठ्याला तो आणता येत नाही.

त्यांनी ती बोटं लेकीच्या नाकाशी धरली. मग माझ्या.  रात्री जेवताना माझ्या पानात दुसरी भाकरी न विचारता पडली आणि वर तुपाची धार, आणि बायको म्हणाली, "मला पण."

पुढचं सोपं होतं. कळी नसलेली कोवळी फांदी मूळ धरते. पानांनी भरलेल्या त्या झाडाचे शेंडे सासूबाईंनी नखाने खुडून मिळेल त्यात लावले. दुधाच्या पिशव्या, कानतुटके कप, माझे दोन डबा-लाईट. त्या दोन डब्यांना आधीच बुडाला भोक होतं, त्यामुळे पाणी साचायचा प्रश्न नव्हता, असं मला समजावण्यात आलं. आमचं पुढचं नाटक जरा अंधुकच झालं. शेंडे खुडले की खालून आणखी फुटायचे. होळीपर्यंत पायरीवर, खिडकीत, स्कूटरच्या मागे, सगळीकडे शेवंती उभी.

आणि मग सासूबाईंना न्यायला त्यांचे दीर आले. वहिनी डबा घेऊन वणीहून निघाली, त्यानंतर ते तिच्यासमोर पहिल्यांदाच येत होते. दाराशीच उभे राहिले, पिशवी दोन्ही हातांनी धरून. "वहिनी," ते म्हणाले, "भिंतीकडनं कोबा फोडलाय. हातभर रुंद. मीच फोडला, छिन्नीनं."

"हाताला फोड आले आसतील," सासूबाई म्हणाल्या. "बसा भाऊजी. च्या घ्या."

दुपारभर त्या रोपांमध्ये फिरत होत्या. वसाहतीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून येत होत्या, बघत होत्या, "छान हो, छान" म्हणून जात होत्या. मागत कोणी नव्हतं. ती समजूत वणीएवढीच सातपूरलाही होती. सासूबाईंनी मला बाजूला बोलावलं.

"जावईबापू, एकाच भिंतीला ठेवली म्हणून जात होती सगळी. आता तसं नाय करायचं."

"मग द्या की सगळ्यांना."

"दिलेलं लागतं का कधी?" त्या माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तशा बघत म्हणाल्या. "आज लाईट कधी जाणार?"

"दिवेलागणीलाच."

"मग मी खुर्ची टाकून बसते अंगणात. गॅसबत्ती लावायची नाय. फाटकाची कडी काढून ठेवा."

मला समजायला क्षण लागला, आणि समजलं तेव्हा मी चप्पलसुद्धा न घालता पळालो. आयुष्यात अनेक प्रयोगांची आमंत्रणं दिली, पण असं आमंत्रण कधी दिलं नव्हतं. घरोघरी जाऊन मी कुजबुजलो, "आज आमच्याकडे चोरी आहे. सहकुटुंब यावं."

वीज गेली. सासूबाई अंगणाच्या मधोमध खुर्चीत, पदर डोक्यावर, डोळे मिटलेले. थोडा वेळ काहीच नाही. मग फाटक करकरलं, कोणीतरी "श्श!" केलं, आणि पावलं आली. बांगड्या वाजत होत्या. कोणाचा तरी पाय स्कूटरला लागला. "अगं, तो कप मी धरलाय." "मग मी पिशवी घेते." शेजारच्या काकूंचं हसू पदरातून फुटत होतं. आमचा नायक भर अंधारात नाटकी आवाजात पुटपुटला, "सगळं जग उलटं झालं तरी..." आणि खुर्चीतून कोणीतरी घसा खाकरल्यावर गप्प झाला. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या बाजूने एक आकृती वाकून गेली. करकरीत धोतर, हातात वणीहून आणलेली पिशवी. दीर स्वतःच्याच वहिनीचं रोप चोरत होते. त्यांना हवी तेवढी रोपं वहिनी सोबत नेणारच होती, पण त्यांना चोरलेलं हवं होतं. लागावं म्हणून.

आणि तेवढ्यात, वेळापत्रकाला न विचारता, वीज आली.

मी कितीतरी प्रयोगांना प्रकाश दिला, पण असा प्रवेश मला कधी उजळता आला नाही. ओसरीवरचा बल्ब, रस्त्यावरचा दिवा, घराघरातल्या ट्यूब, सगळं एकदम लागलं, आणि आमच्या एवढ्याशा अंगणात सारी वसाहत जागच्या जागी थिजलेली. कोणाच्या हातात कप, कोणाच्या ओच्यात पिशवी, नायकाच्या हातात माझा डबा-लाईट, दीर एक पाय उचललेल्या अवस्थेत. सगळे खुर्चीकडे बघत होते.

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. पदर जरा पुढे ओढला.

"अजून अंधारच हाय," त्या म्हणाल्या. "चालू द्या."